गार्डाच्या डब्यावरचा टकाचोर

इथे तुम्हा सगळ्यांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. काही वाचून अंगावर काटा आला, काही वाचून चक्क हसू आलं — रागावू नका. मी पडले रेल्वेवाल्याची बायको. कारण असल्याशिवाय गाडी थांबत नाही, असं आमचे हे म्हणायचे आणि मी तो नियम जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावून मोकळी व्हायची. आमच्या क्वार्टरमागच्या चिंचेवर एक बाई बसते असं सगळी कॉलनी म्हणायची. मी त्याच झाडाच्या चिंचा पाडून वर्षाचा गोळा करून ठेवायची. बाई कधी दिसली नाही, चिंचा मात्र छान आंबट होत्या.

तर अशी मी. आणि तरी मला हे लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं झाली पण त्या दिवसाचा हिशेब माझ्याच्याने लागत नाही. शिक्षण माझं सातवीपर्यंत, मोबाइलवर टाइप करायला नातीने शिकवलं. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे अमळनेरचे. हे रेल्वेत गार्ड होते. ऐन उमेदीत बदली होऊन जयपूरला आलो, तेव्हा दोन वर्षांत परत जाऊ असं ठरलं होतं. मतलब, मी ठरवलं होतं. ह्यांनी काही ठरवलेलं नव्हतं. पाहता पाहता मुलगा इथल्या शाळेत हिंदीत पाढे म्हणायला लागला, मी दाल-बाटीत तूप कमी पडलं तर कुरकुर करायला लागले आणि रिटायर व्हायच्या आधी ह्यांनी जयपूरच्याच मुरलीपुऱ्यात छोटंसं घर बांधलं. स्वयंपाकघरातला नळ पहिल्या दिवसापासून गळका. दर महिन्याला हे पाना घेऊन त्याच्यामागे लागायचे.

गाडीत, बाजारात कुणी विचारलं, "कहाँ के हो भाईसाब?" की हे सरळ सांगायचे, "जयपूर." मी कोपराने ढोसायची. अमळनेर म्हणा की! मला फार लागायचं ते. माणूस आपलं गाव असं कसं विसरतो? एकदा मी चिडूनच विचारलं, तर म्हणाले, "ज्या घरातला नळ गळला तर आपल्यालाच दुरुस्त करावा लागतो, ते आपलं गाव." नळ गळतच होता.

सन दोन हजार पाचच्या पुढेमागे हे गेले. चांगले जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. कुणाला काही सांगायला, मागायला वेळच मिळाला नाही. मुलगा नितीन बंगलोरहून आला, ह्यांची थोरली बहीण — कमलआक्का — अमळनेरहून आली. दहाव्याचा प्रश्न आला. जयपूरजवळच्या गलत्याच्या कुंडावर माकडं पिंड ठेवू देणार नाहीत, म्हणून सीकर रोडला ओळखीच्या एका माणसाच्या शेतातल्या विहिरीवर करायचं ठरलं. भटजी म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका. नोकरी बँकेत, पण घराणं भिक्षुकांचं, त्यामुळे विधी तोंडपाठ.

पिंड ठेवले. बाजूला पानात ह्यांच्या आवडीचं सगळं — दशमी, शेंगदाण्याची चटणी, कपभर चहा. आणि कावळाच येईना. जयपुरात माणसं छतावर, चौकात पाखरांना रोज पोतीच्या पोती दाणे टाकतात, तिथे पिंडाचं कौतुक कुणाला? कबुतरं आली. खारी आल्या. मग शेताच्या बांधावरून एक मोर आला, अगदी लग्नाला आल्यासारखा पिसारा सांभाळत. पिंडाजवळ येऊन मान वाकडी करून बघायला लागला. शेतमालक खूष, म्हणाला, "मोर आया है, इससे अच्छा क्या?" आमचे काका घाईघाईने उपरणं हलवत त्याला हाकलायला लागले. मोर चालत नाही, कावळाच पाहिजे. त्या बिचाऱ्या शेतकऱ्याला कळेना की आम्ही देशाच्या पक्ष्याला हाकलून कावळ्याला का बोलावतो आहोत.

शेवटी एक कावळा आला. कडुनिंबावर बसला. पण खाली उतरेना. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत आहे... सगळे श्वास रोखून उभे असतात आणि एकेकजण पुढे येऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो. नितीन म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा ढिम्म. आक्का म्हणाली, "मधू, तुझ्या बायकोला मी एकटी पडू देणार नाही. माझ्याकडे घेऊन जाईन." कावळ्याने नुसती चोच पुसली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले आणि म्हटलं, "मी आक्कांबरोबर अमळनेरला जाईन. काळजी करू नका."

कावळा उडाला. खाली नाही — पार शेतापलीकडे, दिसेनासा झाला.

खूप वाट पाहिली. शेवटी काकांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. विधी झाला, सगळे जेवले. मला घास गेला नाही. आक्काही पानावरून तशीच उठली.

त्यानंतर वर्षभर आमच्या दोघींत एकच विषय. आक्का फोनवर म्हणायची, "तू शब्द दिलास पण पाळला नाहीस. त्याला ठाऊक होतं, म्हणून तो उडाला. त्याचा जीव गावात अडकलाय." मी म्हणायची, "आक्का, पाखरू आहे ते, पोट भरलं असेल त्याचं." असं म्हणायची खरी, पण भांडी घासताना, दळण आणताना तेच डोक्यात. काय राहिलं असेल ह्यांचं? चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एक गोष्ट मागायची राहिली, आणि ती कुठली हे मला कळू नये?

वर्षश्राद्ध झालं आणि मी हरले. ठीक आहे म्हटलं, जाऊ अमळनेरला. नितीनने घर विकायचं बघायला सुरुवात केली, दोन माणसं घर बघूनही गेली. एकाने नळ सोडून पाहिला आणि तोंड वाकडं केलं... मला उगीचच त्या माणसाचा राग आला. आक्का मला घ्यायला म्हणून जयपूरला येऊन राहिली. तिने माझे डबे, बरण्या गुंडाळायला काढल्या आणि मी दुपारी ती आत विसावली की त्यातली एखादी परत फळीवर ठेवायची. तिने ते पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

आता मूळ गोष्ट. त्या हिवाळ्यात जयपूरहून सवाई माधोपूरला एक टुरिस्ट स्पेशल सुटायची. पुढच्या वर्षी ती बंदच झाली, आता कुणाला आठवतही नसेल. अंधार असतानाच निघायची, सकाळी रणथंभोरच्या डोंगरातली सफारी, मग किल्ल्यावरच्या गणपतीचं दर्शन, आणि ऊन उतरायच्या आत परतीची गाडी. नितीनने फोनवरून आमची दोघींची तिकिटं काढली. म्हणाला, "आई, जयपूर सोडायच्या आधी एवढं तरी बघून घे." सोडायच्या आधी... हे शब्द मला बोचले, पण वाघ बघायचा म्हणून आक्का एकदम तयार. मी आदल्या दिवशी दशम्या केल्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहणाऱ्या. ह्यांच्या ड्यूटीच्या डब्यात कायम त्याच असायच्या.

गाडी छान होती. खिडक्या मोठ्या, गाद्या लाल, प्रत्येकाला चहा आणि वर बिस्किटं. आक्काने बसल्या बसल्या ठरवलं की वाघ तिच्या बाजूला येणार, म्हणून खिडकी तिची. समोर जयपूरच्याच राजा पार्क भागातलं एक पंजाबी कुटुंब होतं. त्यातल्या बाई फार गप्पिष्ट. शाल सारखी करत त्यांनी विचारलं, "आप लोग कहाँ के हो?" मी काही म्हणायच्या आधीच आक्का म्हणाली, "महाराष्ट्र. अमळनेर." मी मान डोलावली. खिडकीत माझं प्रतिबिंब दिसत होतं. तेही मान डोलावत होतं आणि शेजारी कुणी कोपराने ढोसेल असं वाटून मी उगाच सरकून बसले. स्वतःचंच हसू आलं. आता ढोसणारं कोण होतं?

रणथंभोरला स्टेशनवरून आम्हाला उघड्या मोठ्या गाड्यांत बसवून नेलं — कँटर म्हणतात तिकडे. थंडी अशी, की आक्काने माकडटोपी घातली आणि वर पदर घेतला. डोंगर सगळे उघडेबोडके, धोकडीची झाडं पान नाही की काही नाही, नुसती राखाडी. मग एकदम तळं. हरणं, सांबर, काठावर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली सुसर. वाघ नाही. आमचा गाइड दर वळणावर म्हणायचा, "बस अभी यहीं था." आक्का मला म्हणाली, "हा अगदी नितीनसारखा बोलतो. आत्ता येतो, आत्ता येतो."

एका चौकीपाशी कँटर थांबली. पाय मोकळे करायला उतरलो, तोच झाडांतून पाखरं आली. साळुंकीपेक्षा मोठी, अंग विटकरी, डोकं काळपट, आणि शेपटी ही लांब. ती जी आली ती थेट माणसांच्या हातावर! खायला घालायची मनाई आहे असं गाइड सांगत होता, पण कोण ऐकतो? लोकांनी बिस्किटं पुढे केली आणि पाखरं हातांवर, टोप्यांवर बसून खुशाल खायला लागली. राजा पार्कच्या बाई किंचाळत होत्या आणि त्यांचे यजमान फोटो काढत होते.

माझ्या पिशवीतली दशमी मी बाहेरसुद्धा काढली नव्हती. हात नुसता चौकीच्या कठड्यावर होता. त्यावर एक पाखरू येऊन बसलं. हलकं, नखं गार. त्याच्या शेपटीतलं एक लांब पीस मधेच मोडून डाव्या बाजूला लोंबत होतं. ते माझ्याकडे बघत बसलं. मी दुसऱ्या हाताने दशमीचा तुकडा तोडून पुढे धरला. खाईना. तुकडा चोचीला लावला, तर मान फिरवली. शेजारच्या बाईंच्या हातावर तिघं भांडून खात होती आणि हे माझ्या हातावर पाहुण्यासारखं बसलेलं. गाइड हसून म्हणाला, "मांजी, ये तो बेशर्म होते हैं, किसी का नहीं छोड़ते. आपका क्यों नहीं खा रहा?"

आक्काने त्याला विचारलं, हे कुठलं पाखरू.

"कौवे की बिरादरी का है, अम्मा. कौवे का भाई समझो."

आक्काच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. माझंही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो, पण दोघींना एकच शेत दिसत होतं, ते मला शपथेवर सांगता येईल. पाखरू तसंच बसलेलं. मग आक्का माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "म्हण ना. सांग त्याला."

मला लाज वाटली. सत्तरीला आलेल्या दोन म्हाताऱ्या, चार लोकांत पाखराशी बोलणार? पण तरी मी ओठातल्या ओठात म्हटलं, "मी अमळनेरला जाते आहे. घर दाखवून झालं. बरण्यासुद्धा बांधल्या."

उडालं. माझ्या हातावरून उठलं ते थेट तळ्यापलीकडे. बाकीची सगळी तिथेच खात होती.

आता तुम्ही म्हणाल, दशमी त्याला आवडली नसेल. मीही तेच म्हटलं. उरलेली दशमी मी शेजारच्या कठड्यावर कुस्करून टाकली, तर बाकीच्यांनी घटकाभरात फस्त केली.

मग किल्ल्यावर चढलो. पायऱ्या उंच, आक्काचे गुडघे दुखायचे, मी हात दिला तो तिने धरला. तिथल्या गणपतीला लोक लग्नाची पहिली पत्रिका पाठवतात, अडचणी कळवतात, सगळं राजस्थान त्याच्याशी बोलतं. दर्शन घेऊन आम्ही ओसरीत बसलो. समोर सगळा डोंगर पसरलेला. आक्का म्हणाली, "सुमन, एक विचारू? रागावू नको."

"विचारा."

"तू रोज दुपारी बरण्या परत फळीवर ठेवतेस. ते मधूसाठी, की तुझ्यासाठी?"

मी म्हटलं, "फडक्यात नीट बसत नव्हत्या, आक्का." ती नुसती माझ्या गुडघ्यावर थापटत राहिली, लहान पोराला थापटावं तशी. मला वाटतं त्या वेळी आम्हा दोघींनाही रडू आलं असतं, पण खाली वानरांनी कुणाचा तरी प्रसाद पळवला आणि गलका झाला, त्यात ते राहून गेलं.

परत स्टेशनवर आलो तेव्हा ऊन छान सौम्य झालं होतं. आमची गाडी सकाळपासून तिथेच उभी. आक्का म्हणाली, चल, डब्यात बसू. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी आले. मी निघाले ती सवयीने गाडीच्या शेवटाकडे. बाकीच्या बायका गाडी आली की इंजिनाकडे बघतात, गार्डाची बायको शेवटच्या डब्याकडे बघते. आणि शेवटच्या डब्यात ड्यूटीवर असलेल्याला घरचं काही खायला द्यायचं, ही आमची कॉलनीतली जुनी रीत. माझ्याकडे दोन दशम्या उरल्या होत्या.

गार्ड तरुण होता, मिशा नुकत्या राखलेल्या. डब्याच्या दाराशी उभा राहून, कमरेवर हात ठेवून वर काहीतरी बघत होता. मी जवळ गेले. दाराशेजारच्या लोखंडी दांड्यावर तेच पाखरू.

तसलंच नाही, तेच. विटकरी अंग, आणि शेपटीतलं एक लांब पीस मधेच मोडून डावीकडे लोंबणारं.

माझ्या तोंडून निघालं, "ये इधर कब आया?" मला वाटलं, आमच्या कँटरमागून उडत आलं असेल. तर गार्ड म्हणाला, "मांजी, ये तो सुबह से यहीं बैठा है. गाड़ी लगी तब से. पूड़ी डाली, बिस्कुट डाला, देखता तक नहीं. मैंने सोचा बीमार है."

सुबह से. म्हणजे आम्ही जंगलात असताना... ते माझ्या हातावर बसलेलं असताना...

मी मागे वळून पाहिलं. आक्का माझ्यामागून आलेली होती, पिशवी छातीशी धरून. तिने ऐकलं होतं. तिच्या तोंडून एवढंच आलं, "चाल वं माय..." आक्का घाबरली की तिला अहिराणी सुटायची.

मला भीती नाही वाटली, खरं सांगते. कुणाला तरी फार वेळ ताटकळत ठेवल्यावर वाटतं ना, तसं काहीसं वाटलं. पण काय करावं सुचेना, म्हणून ज्या कामाला आले होते ते केलं. फडकं सोडलं, दशम्या काढल्या आणि गार्डापुढे धरल्या. त्याने संकोचत तुकडा मोडला, खाल्ला, आवडलं त्याला. म्हणाला, "दूध की है क्या? ये कहाँ की रोटी है? आप कहाँ के हो मांजी?"

मी काही ठरवून बोलले नाही. दिवसभराची दमले होते, पाय दुखत होते, घरी जाऊन आपल्या ओट्यापाशी आपला चहा करून प्यावा एवढंच मनात होतं. म्हटलं, "रोटी अमळनेर की है भैया. हम तो जयपूर के हैं. मुरलीपुरा."

वाक्य माझं मलाच ऐकू आलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पाखरू दांड्यावरून उतरलं. माझ्या हातावर नाही बसलं, फडक्याच्या कडेवर बसलं. दशमीचा एक तुकडा तोडला, तिथेच खाल्ला. दुसरा तोडला. कसलीही घाई नाही. ड्यूटीवरून आलेला माणूस जेवतो तसं, नीट. मग शेपटी झटकली आणि गाडीच्या टपावरून पलीकडे गेलं. गार्ड म्हणाला, "लो, भूखा था बेचारा." आणि हिरवी झेंडी घेऊन कामाला लागला. त्याच्या दृष्टीने एवढंच झालं होतं.

आम्ही डब्यात येऊन बसलो. गाडी सुटली. राजा पार्कच्या बाई वाघ न दिसल्याबद्दल सगळ्यांना सांगत होत्या. सवाई माधोपूर मागे पडलं, मोहरीची पिवळी शेतं लागली. मग आक्काने माझ्या हातातलं फडकं घेतलं, उरलेल्या दशमीचे दोन भाग करून अर्धी माझ्या हातात दिली. पिशवीतून चटणीची पुडी काढली.

"पान शिवलं," ती म्हणाली. "चल, आता जेवून घेऊ."

आम्ही दोघी जेवलो. वर्षभरात मला अन्नाची चव लागली ती तेव्हा. बोटं पुसून आक्का म्हणाली, "मेला लहानपणापासून असाच. तोंडाने मागायचा नाही, रुसून बसायचा." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की समोरच्या बाईंना वाटलं आम्हाला वाघ दिसला आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही.

घर विकलं नाही. नितीन थोडा नाराज झाला, मग आलाच सुट्टीला नातीला घेऊन. बरण्या आक्काने स्वतः सोडल्या आणि फळीवर लावल्या, तिच्या पद्धतीने, त्यामुळे पुढे महिनाभर मला मीठ सापडत नव्हतं. ती होती तोवर दर हिवाळ्यात जयपूरला यायची. दहाव्याच्या गोष्टीचं नाव आम्ही दोघींनी पुन्हा काढलं नाही.

माझ्या एका भाचीने नंतर सांगितलं, मराठीत त्या पाखराला टकाचोर म्हणतात आणि ते खरंच कावळ्याच्या कुळातलं आहे. तिचं म्हणणं, दोन वेगळी पाखरं असणार, पिसं तर कुणाचीही मोडतात. असेल. राजा पार्कच्या बाईंनी जंगलातला फोटो पाठवला होता, त्यात माझा हात आहे, पाखरू आहे, डावीकडे लोंबणारं पीस आहे. स्टेशनवरचा फोटो कुणी काढला नाही. दोन पाखरं, दोघांचं एकच पीस एकाच बाजूला मोडलेलं, दोघं उपाशी, आणि दोघं समोर आलेलं काही खायला तयार नाहीत... हे मी मनात कितीदा जुळवून पाहिलंय. कधी जुळतं, कधी जुळत नाही. कारण असल्याशिवाय गाडी थांबत नाही, हा माझा नियम मी अजून सोडलेला नाही. या एका गाडीचं कारण मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला पाखरांतलं कळत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. आत्ता उठते. स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागलाय, पाना शोधते.